संगत कोणाची कोणाला?

प्रिय धर्मग्रामस्थांनो,



ऑगस्टच्या अखेरीस दोन संतांचे सण लागोपाठ येतात. २७ ऑगस्टला संत मोनिका आणि २८ ऑगस्टला तिचा मुलगा संत ऑगस्टीन. आपल्या धर्मग्रामातील आया संत मोनिकाला चांगल्या ओळखतात. मुलगा उलट उत्तरे देऊ लागला, मिस्सा चुकवू लागला, रात्री उशिरा घरी येऊ लागला की घरात मोनिकाची प्रार्थना सुरू होते. तिच्या अश्रूंविषयी मी दर वर्षी प्रवचन करतो. या वर्षी मात्र तिच्या मुलाच्या मित्रांविषयी लिहिणे भाग आहे. कारण तुम्हाला ठाऊक आहे.

जुलै महिन्यात एका रात्री आपल्याच धर्मग्रामातील पाच मुले एका वयोवृद्ध शेतकऱ्याच्या वाडीत शिरली. त्यांनी अकरा केळींवर कोयता चालवला, घड तोडले आणि बावखलात फेकून दिले. घड कोवळे होते. खाण्याच्या उपयोगाचे नव्हते, विकण्याच्या तर नव्हतेच. बाबांशी (त्यांना आपण सगळे बाबाच म्हणतो) या मुलांचे काही वैर नव्हते. त्यातल्या दोघांना त्याच बावखलात बाबांनी पोहायला शिकवले होते. मुलांची वये पंधरा ते सतरा. ती धर्मशिक्षणाच्या वर्गात बसलेली आहेत, वेदीवर सेवा केलेली आहेत. बाबांच्या परवानगीने आणि पाचही घरी सांगून मी हे लिहीत आहे. मुलांची नावे येथे नाहीत आणि ती तुम्हीही या पत्रकाच्या निमित्ताने घेऊ नयेत ही विनंती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून पालक माझ्याकडे येऊ लागले. पहिल्या घरची आई रडत म्हणाली, "फादर, आमचा पोरगा तसा नाही हो. संगतीने बिघडला." दुसऱ्या घरचे वडील म्हणाले, "त्याला त्या पोरांनी नेला." तिसरे घर, चौथे घर, तेच. सगळ्यांच्या मुलांना कोणीतरी दुसऱ्याने नेले होते. मी मनात हिशेब मांडत होतो. पाच घरांतली पाच गुणी मुले आणि प्रत्येकाला लागलेली वाईट संगत. मग ही संगत होती तरी कोण? सहावा मुलगा तर त्या रात्री तिथे नव्हताच!

हिशेब जुळत नाही असे दिसल्यावर माणसे काय करतात? जुळवून घेतात. आठ दिवसांत सगळी बोटे एकाच मुलाकडे वळली. ज्या घरातून उलट बोलायला कोणी येणार नाही, अशा घरचा तो मुलगा. त्याला युवा संघातून काढा, वेदीसेवकांत उभा करू नका, म्हणजे बाकीचे सुधारतील, असा निरोप मला दोन वेगवेगळ्या सभासदांनी दिला. मन दुखावेल, पण सांगतो: तो निरोप मला केळी तोडण्याइतकाच लागला.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही संत ऑगस्टीनचे 'कन्फेशन्स' वाचले होते. त्यातल्या दुसऱ्या भागात नासपतीच्या चोरीची गोष्ट आहे. आम्ही विद्यार्थी त्यावर हसत असू. एवढा मोठा आचार्य, पुढे हिप्पोचा बिशप झालेला, आणि लहानपणी फळे चोरली म्हणून पानेच्या पाने शोक करतो! त्याहून मोठी पापे त्याच्याकडे नव्हती की काय? बाबांची वाडी पाहून आल्यावर त्या रात्री मी ते पुस्तक पुन्हा काढले. आता हसू आले नाही.

ऑगस्टीनचा जन्म इ.स. ३५४ चा, टागास्ते गावचा. हे गाव आजच्या अल्जीरियात आहे. सोळाव्या वर्षी तो मदौरा येथील शाळेतून घरी परतला होता. वडील पॅट्रिशियस फार श्रीमंत नव्हते. मुलाला कार्थेजला मोठ्या शिक्षणासाठी पाठवायचे म्हणून ते पैसे जमवत होते आणि तोवर मुलगा वर्षभर घरी रिकामा होता. गावात वडिलांचे कौतुक होत होते की ऐपत नसतानाही मुलाच्या शिक्षणासाठी एवढे करतात. पण त्या वर्षात मुलगा कोणाबरोबर फिरतो, काय करतो, कसा माणूस होतो आहे, हे विचारायला त्यांना सवड नव्हती. मोनिकाने त्याला एकांतात बजावले होते, तेही ऑगस्टीन नमूद करतो. पण मुलाच्या पुढच्या अभ्यासाची काळजी तिलाही होती आणि त्या काळजीपुढे बाकीचे मागे पडले, असे तो आईबद्दलही हळूच लिहून ठेवतो. (दहावी-बारावीच्या वर्षी आपल्या घरांत वेगळे काय असते? टक्के किती पडले हे आपण तीनदा विचारतो. संध्याकाळी कोणाबरोबर होतास हे विचारतो का? आणि विचारलेच तर पोलिसासारखे विचारतो.)

त्यांच्या द्राक्षमळ्याजवळ एक नासपतीचे झाड होते. फळे दिसायला चांगली नव्हती, चवीलाही बेताची. खेळून झाल्यावर रात्री उशिरा ही पोरे तिथे गेली, झाड झोडपले, ओझेभर फळे उचलली आणि नेऊन डुकरांपुढे टाकली. ऑगस्टीनच्या घरी त्याहून चांगली फळे होती.

मग पंचेचाळीसच्या आसपासचा बिशप ऑगस्टीन देवापुढे बसून स्वतःची उलटतपासणी घेतो. मला त्या चोरीत काय आवडले? फळे? नाही, ती टाकून दिली. भूक? नव्हती. सूड? कोणाचा? एकेक कारण तो उचलतो, पाहतो आणि खाली ठेवतो. नुसता दुष्टपणाच आवडला का, याही प्रश्नाशी तो बराच वेळ थांबतो. शेवटी तो एका साध्या गोष्टीपाशी येतो आणि ती दोनतीनदा सांगतो: एकटा असतो तर मी हे केले नसते. सोबत्यांचा सहवास हवा होता आणि त्या सहवासाची किंमत म्हणून चोरी केली. 'चला' असे कोणी म्हटल्यावर मागे राहण्याचीच लाज वाटत होती. इतकेच नव्हे, न केलेली पापेही केली म्हणून तो मित्रांत बढाई मारत असे, म्हणजे आपण त्यांच्याहून कमी ठरू नये! आणि आणखी एक बारीक गोष्ट त्याने टिपली आहे. त्या कृत्यात गंमत होती ती हसण्याची, आणि माणूस एकटा असताना सहसा हसत नाही.

हे वाचून मी उठून बसलो. कारण त्या रात्रीची चाळीस सेकंदांची चित्रफीत तोवर अनेकांच्या मोबाइलवर पोहोचली होती. (ती अजून कोणाकडे असेल तर कृपा करून आज पुसून टाका.) मी ती तीनदा पाहिली. पहिल्यांदा मला कोयताच दिसला. दुसऱ्यांदा चेहरे ओळखले. तिसऱ्यांदा डोळे मिटून फक्त ऐकली. कोयता एकाच मुलाच्या हातात आहे. पहिला घाव नीट बसत नाही. तो थांबतो, मागे वळून पाहतो. मागून हसण्याचा आवाज येतो. मग दुसरा घाव बसतो, आणि तो पूर्ण बसतो.

त्या क्षणी कोणी गप्प राहिले असते तर? एकानेच "ए, बस्स कर" म्हटले असते तर? ज्याने चित्रफीत काढली त्याचे वडील मला म्हणाले, "फादर, आमच्याने तर नुसते शूटिंग केले." मी त्यांना विचारले, हसतो आहे तो आवाज कोणाचा आहे? ते काही बोलले नाहीत. चांगले गृहस्थ आहेत ते. त्यांनी नंतर फोन करून सांगितले की आवाज त्यांच्याच मुलाचा आहे.

हसण्याविषयी ऑगस्टीनने सोळाशे वर्षांपूर्वी जे ओळखले ते आजच्या मानसशास्त्रज्ञांनीही तपासून पाहिले आहे. अमेरिकेतील ओरेगन राज्यात टॉमस डिशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना त्यांच्या एकेका मित्रासह खोलीत बसवून पंचवीस मिनिटे बोलू दिले आणि ते चित्रित केले. नियम मोडण्याच्या गप्पा निघाल्या की काही जोड्यांत मित्र हसून दाद द्यायचा; काही जोड्यांत ती गप्प तिथेच विरायची आणि मुले दुसऱ्या विषयाला हसायची. पुढच्या दोन वर्षांत कोणाचे वागणे बिघडत गेले, हे त्या हसण्यावरून बऱ्याच अंशी दिसून आले. २००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी मोटार चालवण्याचा संगणकावरचा खेळ मुलांना आणि मोठ्यांना दिला. एकटे असताना तेरा ते सोळा वर्षांची मुले जितका धोका पत्करत त्याहून कितीतरी अधिक धोका मित्र बघत असताना पत्करू लागली. चोविशीच्या पुढच्यांना मित्र असले काय, नसले काय, फारसा फरक पडला नाही. म्हणजे तुमचा मुलगा घरी वेगळा आणि बाहेर वेगळा वागतो, तेव्हा तो दर वेळी ढोंगच करत असतो असे नाही. त्या वयात तो खरोखरच दोन ठिकाणी दोन प्रकारचा असतो.

पवित्र शास्त्राला हे काही नवीन नाही. नीतिसूत्राच्या पहिल्याच अध्यायात (१:१०-१९) बाप मुलाला सावध करतो. टोळी मुलाला लुटीचे आमिष दाखवते खरे, पण सर्वांची थैली एकच राहील, तू आमच्यातला होशील, हे आमिष त्याहून मोठे असते. शलमोनाचा मुलगा रहबाम वडीलधाऱ्यांचा सल्ला टाकून बरोबर वाढलेल्या तरुणांचे ऐकतो, कठोर बोलून मर्दुमकी दाखवतो आणि राज्याचे दोन तुकडे होतात (१ राजे १२). दाविदाचा मुलगा अम्नोन भयंकर पाप करतो तिथे शास्त्र आधी एका माणसाची ओळख करून देते: योनादाब, त्याचा मित्र, मोठा धूर्त (२ शमुवेल १३:३). संत पौलाने करिंथकरांना कुसंगतीबद्दल दिलेला इशारा तर आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे.

तोंडी आहे, आणि तिथेच घोळ होतो. इशारा आपण नेहमी दुसऱ्याच्या मुलाकडे बोट करून वाचतो. माझा मुलगा कोणाची तरी वाईट संगत असू शकेल, हे आपल्या मनाला शिवत नाही. ऑगस्टीनचा मोठेपणा येथे आहे. सोबत्यांनी मला बिघडवले असे तो म्हणत नाही. त्यांच्यातल्या एकाचेही नाव तो लिहीत नाही. ते नसते तर मी केले नसते, असे तो म्हणतो, आणि तरी 'मी केले' असेच म्हणतो.

मग काय, मुलांना मित्रच ठेवू द्यायचे नाहीत? फोन काढून घ्यायचा, नाक्यावर जायचे नाही, घर ते क्लास आणि क्लास ते घर? दोन घरांत सध्या हेच चालले आहे. मला त्यात फार अर्थ दिसत नाही. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथाचे दोन पूर्ण भाग मैत्रीला दिले. मैत्री उपयोगाची असते, मौजेची असते आणि सद्गुणाची असते, असे तो सांगतो, आणि तरुणांची मैत्री बहुधा मौजेची असते, पटकन जुळते, पटकन सुटते, हेही सांगतो. तो त्यांना हिणवत नाही. मौजेच्या मैत्रीतूनच पुढे दुसरी मैत्री निघते. सोळा वर्षांच्या मुलाला मित्राविना कोंडले तर तो संत होत नाही. तो फक्त वाट बघत बसतो.

दुसरेही एक सांगितले पाहिजे. पौगंडावस्थेत वाकडे वागणारी बहुसंख्य मुले पुढे सरळ होतात, असे टेरी मॉफिट यांनी १९९३ साली मांडले. थोड्या मुलांचा त्रास मात्र अगदी बालपणापासून सुरू झालेला असतो. त्यांना व त्यांच्या घरांना लवकर आणि जाणत्यांची मदत लागते, नुसत्या उपदेशाने भागत नाही. आणि अशा मुलांना वर्गात, खेळात, देवळात कोणी जवळ केले नाही की ती एकमेकांना शोधून काढतात. नाक्यावरचा घोळका कसा तयार होतो असे विचारता? पुष्कळदा आपणच तो एकेक मुलगा बाहेर काढून तयार केलेला असतो.

आता माझी चूक. पालक येऊन गेल्यावर मला वाटले, काहीतरी ठाम केले पाहिजे. शेजारच्या धर्मग्रामातही अशीच काही 'अवघड' मुले होती. त्यांना आणि आपल्या पाचांना एकत्र करून तीन दिवसांचे शिबिर घ्यायचे मी ठरवले. वक्ते ठरले, जेवणाचे सांगून झाले. तेव्हा समाजकार्य शिकवणाऱ्या माझ्या एका धर्मगुरू मित्राने फोनवर मला एका जुन्या प्रयोगाची आठवण दिली. बोस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ पासून काही वर्षे शेकडो मुलांसाठी मोठी योजना राबवली गेली. समुपदेशक घरी जात, अभ्यासात आणि आजारात मदत करत, उन्हाळी शिबिरांना पाठवत. सगळे सद्हेतूने. सुमारे तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड यांनी त्या मुलांचा माग काढला तेव्हा मदत मिळालेली मुले मदत न मिळालेल्यांपेक्षा बरी तर नव्हतीच, काही बाबतींत वाईट होती. आणि पुढे असे दिसले की एकाहून अधिक वेळा शिबिरांना गेलेल्यांत हा बिघाड विशेष होता. तंबूत रात्री दिवे मालवल्यावर मुले एकमेकांना काय सांगून हसली असतील, त्याची कल्पना आपण करू शकतो. वक्ते तर संध्याकाळीच घरी गेलेले असतात.

मी शिबिर रद्द केले. आचाऱ्याची बोलणी खाल्ली.

मग बाबांकडे गेलो. नुकसान कसे भरून द्यायचे, पोलिसांत जायचे का, मुलांना काय शिक्षा करायची, हे त्यांनाच विचारले. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी कोणतेही संशोधन वाचलेले नाही. ते म्हणाले, "पाचांना एकदम पाठवू नका, फादर. एकेकाला पाठवा. पाच आले की ते एकमेकांना बघतात. एक आला की तो मला बघेल."

तसे ठरले. दर रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर एक मुलगा बाबांकडे जातो, दुपारपर्यंत काम करतो, त्यांच्याबरोबर जेवतो आणि एका तोडलेल्या खुंटाच्या जागी मुनवा लावून येतो. पैशांची भरपाई पालक समान वाट्याने देत आहेत. कोयता कोणाच्या हातात होता हा प्रश्न बाबांनी विचारला नाही. तिथे काय बोलणे होते ते मला ठाऊक नाही आणि मी विचारत नाही. एका मुलाने आपण होऊन दुसऱ्या रविवारीही जायचे म्हटले, तर त्याचा मित्र त्याला हसला. पण नंतर तोही गेला, असे कळते.

ऑगस्टीनच्या मित्रांत आलिपियस नावाचा एक तरुण होता. त्याची गोष्ट सांगायलाच हवी. रोममध्ये मित्रांनी त्याला ओढत तलवारबाजांच्या रक्तरंजित खेळाला नेले. मी शरीराने येईन, पण पाहणार नाही, असे म्हणून तो डोळे मिटून बसला. डोळे मिटले, कान उघडे राहिले! गर्दीचा एक आरोळा उठला आणि त्याने डोळे उघडले. त्या दिवसापासून त्याला त्या खेळाचे असे वेड लागले की तो इतरांना ओढून नेऊ लागला. आता या मुलाला कोणत्या रकान्यात घालणार? नेलेला, की नेणारा? तोच आलिपियस ३८६ साली मिलानमधल्या त्या बागेत ऑगस्टीनजवळ बसला होता. ऑगस्टीन आतून फुटून रडत अंजिराच्या झाडाखाली गेला. आलिपियस हलला नाही, हसला नाही, उपदेशही केला नाही. जागेवर थांबून राहिला. ऑगस्टीन परत आला, त्याने संत पौलाच्या रोमकरांस पत्रातले जे वचन वाचले (१३:१३-१४) ते त्याला दाखवले. आलिपियसने त्याच्या पुढचे वचन वाचले: विश्वासात दुर्बळ असलेल्याला जवळ करण्याविषयीचे (१४:१). ते माझ्यासाठीच आहे, असे तो म्हणाला. दोघे मिळून आत मोनिकाकडे गेले. पुढच्या पास्कासणाला, ३८७ साली, संत अँब्रोजच्या हातून दोघांचा एकाच वेळी बाप्तिस्मा झाला. आलिपियस पुढे आपल्या गावाचा, त्याच नासपतीच्या टागास्तेचा, बिशप झाला.

मोनिकाच्या अश्रूंना एक मित्र जोडीला होता, हे आपण आयांना क्वचितच सांगतो.

युवा संघातून कोणालाही काढलेले नाही. तो मुलगा वेदीवर उभा राहील, त्याची पाळी येईल तेव्हा. माझ्याशी या बाबतीत बोलायचे असेल त्यांनी मिस्सानंतर जरूर यावे, शक्यतो एकेकट्याने.

चार मुले आपापल्या रविवारी बाबांकडे जाऊन आली. पाचवा, ज्याच्याकडे बोटे वळली होती तो, अजून गेलेला नाही. त्याची आई म्हणते, तो मिस्सापर्यंत येतो. पुढे बाबांच्या वाडीकडे जायचे तर सगळ्या आळीतून, सगळ्या ओट्यांसमोरून जावे लागते, म्हणून परत फिरतो. गेल्या रविवारी बाबांनी मला विचारले, "तो कधी येतो?" त्याच्या वाट्याचे दोन मुनवे त्यांनी बांधावर ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवले आहेत.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू